परदेशी जाणाऱ्याची पुंजी

सुरतेहून परदेशी निघालेल्या माणसाची तयारी आम्ही पुष्कळ घरांतून पाहिली आहे. पेटीत कोणते कपडे भरावयाचे, लोणच्याची बरणी नेता येईल की नाही, तिकडच्या थंडीस कोणता कोट पुरेल, यांची चर्चा महिना महिना चालते. मात्र वडिलांनी वीसपंचवीस वर्षे मागावर, दुकानात अथवा कचेरीत राबून जी रक्कम साठविली ती कशी जाणार, वाटेत तीतून किती गळणार, आणि पुढे परत आणावयाची झाली तर ती कोणत्या दाराने येणार, याविषयी फारसे बोलणे होत नाही. ‘बँकेत गेलो की होईल’ एवढ्यावर विषय संपतो. विषय रुक्ष आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या शहरात आपण राहतो त्या शहराने हाच विषय तीनचारशे वर्षे पोटापाण्याचा धंदा म्हणून सांभाळला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा कंटाळा येऊ नये.

विद्यार्थिमित्रहो, आरंभीच एक गोष्ट मनात पक्की करावयास हवी. पैसा एका गावाहून दुसऱ्या गावास जात नाही. जाते ती चिठ्ठी. आपल्या देशात १८८० साली मनीऑर्डर सुरू झाली. खानदेशातून सुरतेस कामास आलेल्या कित्येकांनी आपल्या मजुरीतील रुपये मनीऑर्डरीनेच धुळ्यास, नंदुरबारास, शिरपुरास धाडले. उधन्याच्या टपालकचेरीच्या खिडकीत आजोबांनी ज्या नोटा दिल्या, त्याच नोटा शिरपूरच्या पोस्टमनने आजीच्या हातावर ठेवल्या काय? अर्थातच नाही. आजोबांच्या नोटा उधन्यालाच राहिल्या. शिरपुरास गेला तो फक्त एक कागद, आणि त्या कागदावर भरवसा ठेवून तेथल्या टपालमास्तराने आपल्या पेटीतील दुसऱ्या नोटा काढून दिल्या. येथे गावे दोन असली तरी खाते एकच होते, म्हणून हिशेब सोपा. देश दोन झाले की तिजोऱ्या दोन, नाणी दोन आणि कायदेही दोन होतात. सारी गुंतागुंत तेथून सुरू होते.

ही गुंतागुंत सोडविण्याची युक्ती सुरतेच्या सराफांनी फार पूर्वी पूर्णत्वास नेली होती. अकबराने १५७३ साली सुरत घेतली, त्यानंतर मोगल साम्राज्याचे हे प्रमुख बंदर झाले. हजच्या यात्रेकरूंची गलबते येथूनच निघत, म्हणून त्यास मक्केचे द्वार म्हणत. इंग्रजांची वखार १६१३ च्या सुमारास येथे पडली, त्यापाठोपाठ डचांची. या सर्वांस आग्रा, बुऱ्हाणपूर, अहमदाबाद येथे माल विकत घ्यावयाचा असे, आणि रुपयांच्या थैल्या उंटावर लादून नेणे म्हणजे वाटमाऱ्यांस आमंत्रणच. तेव्हा व्यापारी सराफाकडे रक्कम भरी आणि हुंडी घेई. हुंडी म्हणजे सराफाने आपल्या परगावच्या आडत्यास लिहिलेले पत्र: हा कागद घेऊन येणाऱ्यास इतके रुपये द्यावेत. दाखविताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी हुंडी, ठराविक दिवसांनी द्यावयाचे ती मुदती.

हुंडीच्या कागदात मोठी खबरदारी असे. रक्कम नुसती आकड्यांत लिहून भागत नसे. शंभर रुपये असतील तर ‘शंभर, याचे निमे पन्नास, त्याची दुप्पट’ असे लिहीत, म्हणजे एखादे शून्य वाढवून कोणास लबाडी करता येऊ नये. मूळ कागद हरवला तर दुसरी प्रत निघे, तिला पैठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपैठ. पैसे चुकते झाल्यावर त्या रद्द हुंडीला खोका म्हणत, आणि तो खोका दप्तरात जपून ठेवीत. पुढे वाद निघाला तर तोच साक्षीदार. जोखमी हुंडी म्हणून एक निराळा प्रकार होता. तिचे पैसे गलबतावरील माल सुखरूप पोहोचला तरच मिळत; गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. म्हणजे पैसा पाठविणे आणि विमा उतरविणे ही दोन कामे एकाच कागदाने होत.

नरसिंह मेहत्यांच्या हुंडीची कथा गुजरातेत वाढलेल्या मुलास सांगावयास नको. द्वारकेस निघालेल्या यात्रेकरूंनी वाटेतील चोरांच्या भयाने सातशे रुपये जुनागडास मेहत्यांपाशी भरले व श्यामळशा शेठच्या नावाची हुंडी घेतली. भक्तीचा भाग बाजूस ठेवला तरी कथेतील व्यवहार अगदी खरा आहे. प्रवासास निघालेला सामान्य माणूस आपली गाठोड्यातली पुंजी कशी नेत असे, ते त्यातून दिसते. हुंडी वटेल की नाही ही यात्रेकरूंची धाकधूक तर आजही परदेशी पैसे पाठवून दोन दिवस वाट पाहणाऱ्यास चांगली ओळखीची आहे.

या सेवेस मोल पडे. सतराव्या शतकात तॅव्हर्नियर हा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेला. त्याने सुरतेवरील हुंड्यांचे दर टिपून ठेवले आहेत. लाहोरहून शेकडा सव्वासहापर्यंत, आग्र्याहून सव्वाचार ते पाच, बुऱ्हाणपुराहून अडीच ते तीन, अहमदाबादेहून एक ते दीड, ढाक्याहून मात्र दहा. अंतर वाढे, वाटेतील धोका वाढे, तसा दर चढे. त्याखेरीज नाण्यांचा प्रश्न होताच. परदेशी व्यापारी स्पेनचे चांदीचे रियाल आणीत. ते बाजारात चालत नसत. सराफ त्यांचा कस पाही, मग ते टांकसाळीत जात आणि त्यांचे रुपये पडत. रुपयांतही यंदाचा शिक्का पुऱ्या किमतीस चाले, जुन्यास बट्टा बसे. हा ‘बट्टा’ शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

हुंडीचा आणखी एक गुण संकटात दिसून आला. छत्रपती शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर पहिली स्वारी केली, दुसरी ऑक्टोबर १६७० मध्ये. पहिल्या स्वारीत वीरजी व्होरा या त्या काळच्या अतिधनाढ्य व्यापाऱ्याच्या वाड्यातील प्रचंड संपत्ती गेली. तरीही तो नामशेष झाला नाही, काही काळाने पुन्हा व्यवहार करू लागला. कारण त्याचे धन केवळ सुरतेच्या तळघरात नव्हते, निरनिराळ्या शहरांतील पेढ्यांवर पसरलेले होते.

पुढे अठराव्या शतकात तर सुरतेच्या सराफांनी खुद्द ईस्ट इंडिया कंपनीची नड भागविली. कंपनीजवळ बंगालमध्ये वसुलाचा पैसा भरपूर, आणि मुंबईत मात्र खर्चाची नेहमी तंगी. तेव्हा अर्जुनजी नाथजी त्रवाडी यांच्यासारखे सुरतेचे पेढीवाले इकडे रक्कम देत आणि तिकडे बंगालमध्ये ती वसूल करून घेत. मराठ्यांशी लढणाऱ्या कंपनीच्या फौजांचे पगार ज्या पैशांतून भागले त्यात या हुंड्यांचा मोठा वाटा होता. मराठी वाचकास हे वाचून आनंद होणार नाही, परंतु तलवारीइतकीच पतही लढाया जिंकते, हे इतिहासाच्या पुस्तकात आम्हांस फारसे कोणी सांगितले नाही.

आता आजच्या बँकेकडे वळू. सुरतेच्या रिंगरोडवरील एखाद्या बँकेतून आपण टोरांटोस पैसे पाठविले तर काय होते? आपल्या बँकेचे एक खाते परदेशातील एखाद्या मोठ्या बँकेत असते, त्यात परकीय चलन आधीच जमा असते. आपण इकडे रुपये भरतो. आपली बँक ते स्वतःकडे ठेवते आणि परदेशी बँकेस निरोप धाडते की आमच्या खात्यातून इतकी रक्कम अमुक माणसाच्या खात्यावर घाला. हा निरोप ज्या यंत्रणेतून जातो तिचे नाव स्विफ्ट. ही संस्था १९७३ साली बेल्जममध्ये स्थापन झाली, १९७७ पासून तिचे संदेश सुरू झाले, आणि आज दोनशेहून अधिक देशांतील अकरा हजारांवर संस्था तिने जोडल्या आहेत. स्विफ्टमधून पैसा जातो असे पुष्कळ लोक समजतात. तो जात नाही, निरोप जातो. परदेशी बँक म्हणजे आमच्या सराफाचा आडत्याच. कधी दोन बँकांची थेट ओळख नसते, मग मध्ये तिसरी येते आणि आपली दलाली रकमेतूनच कापून घेते. म्हणूनच कित्येकदा पाठविलेल्या आणि पोहोचलेल्या रकमेचा मेळ बसत नाही.

परंतु दलाली दिसते तरी. खरी गळती होते ती बट्ट्यात, आणि तो पावतीवर लिहिलेला नसतो. समजा, बाजारात एका डॉलरचा भाव ९० रुपये आहे, आणि बँकेने आपल्यास तो ९१ रुपये ८० पैशांस विकला. दहा लाख रुपयांचे बाजारभावाने ११,१११ डॉलर व्हावयास हवे होते. बँकेच्या भावाने १०,८९३ झाले. २१८ डॉलर, म्हणजे सुमारे साडेएकोणीस हजार रुपये, कोणी मागितले नाहीत आणि तरी गेले. हजार रुपयांच्या फीसाठी खिडकीवर घासाघीस करणारे गृहस्थ हे साडेएकोणीस हजार निमूटपणे देऊन येतात! विद्यार्थ्यांनी त्रैराशिक निदान एवढ्यासाठी तरी शिकावे. बाजारातील भाव त्या दिवशी काय आहे ते आधी पाहावे, मग दोनतीन ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: ‘सर्व वजावट जाऊन समोरच्या खात्यात किती डॉलर पडतील?’ उत्तर आकड्यात मागावे, टक्क्यात नव्हे.

भाव बदलतो हा तर निराळाच धोका. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एकदम साडेसात रुपयांचा झाला. ज्याची शिल्लक दहा हजार रुपये होती, त्याची ती आदल्या दिवशी २,१०० डॉलरांची होती, दुसऱ्या दिवशी १,३३३ डॉलरांची. घरातून एक पैसाही चोरीस गेला नव्हता.

येथवर आपण चिठ्ठीविषयी व भावाविषयी बोललो. तिसरी गोष्ट दरवाजाची. चिठ्ठी कितीही चोख असली तरी दोन्ही देशांच्या सरकारांनी दार उघडे ठेवले पाहिजे. ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचा सत्ताधीश इदी अमीन याने तेथील आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. त्यात गुजरातेतून पिढ्यान् पिढ्या तेथे जाऊन वसलेली हजारो कुटुंबे होती, गोमंतकीयही होते. कारखाने, दुकाने, घरे मागे राहिली, आणि बरोबर नेण्यास परवानगी मिळाली ती कुटुंबामागे सुमारे पन्नास पौंडांची. कंपालाच्या बँकांच्या वह्या जागच्या जागी होत्या, त्यांत या लोकांच्या नावावर रकमाही लिहिलेल्या होत्या. फक्त त्या वहीतला आकडा सीमेपलीकडे नेण्याचे दार बंद झाले होते. जाणत्यांनी आधीच थोडे थोडे लंडनला किंवा भारतात ठेवले होते. ते वीरजी व्होऱ्यासारखे तरले. पुष्कळांनी सारे एकाच ठिकाणी ठेवले होते. काहींची मालमत्ता त्यानंतर दोन दशकांनी परत मिळाली, पण तोवर ते इंग्लंडमध्ये शून्यातून उभे राहिले होते.

गोव्याचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. पोर्तुगीज अमदानीत तेथे बांको नॅसिओनाल उल्ट्रामारिनो ही एकच मोठी बँक. अडीअडचणीस लोक तिच्याकडे बायकांचे दागिने गहाण ठेवून कर्ज काढीत. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना येण्यापूर्वी ते दागिने लिस्बनला हलविण्यात आले. मालक गोव्यात, ऋणाची वही गोव्यात आणि सोने सात समुद्रांपलीकडे! ते परत येण्यास १९९१ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत किती पाटल्या आणि किती मंगळसूत्रे आपल्या मालकिणींस पुन्हा भेटली नसतील, त्याची कल्पनाच केलेली बरी. ज्यांच्यापाशी गहाणाची पावती राहिली होती त्यांनाच हक्क सांगता आला असणार, हे उघड आहे.

आपल्या देशाचे दारही फार काळ जवळजवळ मिटलेले होते. १९६० नंतरच्या दशकात परदेशी शिकावयास निघालेल्या तरुणास तीन पौंड किंवा आठ डॉलर खिशात घालून विमानात बसावे लागे. परकीय चलनाची चणचण होती, म्हणून १९४७ चा आणि त्याहून कडक असा १९७३ चा कायदा होता. १९९१ नंतर धोरण बदलले, आणि १९९९ साली मंजूर झालेला ‘फेमा’ हा नवा कायदा १ जून २००० पासून अमलात आला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य नागरिकास वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठविण्याची मोकळीक दिली. ती मर्यादा मध्यंतरी वाढली, २०१३ मध्ये कमी झाली, पुन्हा वाढली आणि २०१५ पासून माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर अशी आहे. ती माणशी असल्यामुळे आई, वडील आणि अज्ञान मुलगा यांची प्रत्येकी वेगळी मोजली जाते. वर्षाला दहा लाख रुपयांवर रक्कम गेली की पाठविण्याच्या कारणाप्रमाणे बँक काही कर आधीच कापून घेते; तो बुडत नाही, आपल्या आयकरात वळता होतो, पण तेवढे रुपये काही महिने अडकतात. ऐन फी भरण्याच्या वेळी ही गोष्ट ध्यानात नसली की धावपळ होते.

माणूस परदेशी गेला की त्याच्या येथील खात्याचा धर्मच बदलतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते. नोकरीसाठी वा कायम वास्तव्यासाठी देश सोडणारा मनुष्य चलनाच्या कायद्याने अनिवासी होतो. शिक्षणासाठी गेलेला विद्यार्थीही त्यातच मोडतो. आयकराचा कायदा मात्र राहण्याचे दिवस मोजतो, त्यामुळे एकच मनुष्य एका कायद्याने अनिवासी व दुसऱ्याने निवासी असू शकतो. असो. जुने बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. येथील घरभाडे, ठेवींचे व्याज, वाटणीत आलेले पैसे यात जमा होतात, व्याजावर कर कापला जातो, आणि कर भरल्याचा पुरावा दाखवून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत यातून बाहेर नेता येतात. दुसरे खाते एनआरई. त्यात परदेशात मिळविलेले पैसे ठेवावयाचे. व्याजावर येथे कर नाही, आणि वाटेल तेव्हा परत नेण्यास अडकाठी नाही. दोन्ही खात्यांत रुपयेच असतात, पण एकाचे दार बाहेर सताड उघडे, दुसऱ्याचे कागद दाखविल्यावर उघडणारे. ज्याने परदेशातील कमाई आळसाने एनआरओमध्ये टाकली, त्याने उघड्या दारातील पैसा हाताने बंद दारामागे ठेवला.

या साऱ्या कटकटीस कंटाळून कोणी म्हणतो, ‘त्यापेक्षा हवाला बरा. इकडे रोख द्या, तिकडे तासाभरात मिळते, भावही चांगला.’ कृती पाहिली तर ती आमच्या जुन्या हुंडीचीच आहे. फरक एवढाच की हुंडीत निमे, दुप्पट, पैठ आणि खोका होता. हवाल्यात काहीच नाही. समोरच्याने हात वर केले तर फिर्याद कोणाकडे करणार? व्यवहारच बेकायदेशीर, दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. शिवाय परदेशात ते पैसे कोणा भलत्याच माणसाच्या खात्यातून येऊन पडतात, आणि तो इसम गुन्ह्यात सापडला तर आपल्या मुलाचेही खाते गोठते. पुढे त्याच मुलास तेथे घर घ्यावयाचे झाले म्हणजे बँक विचारते, ही रक्कम आली कोठून? त्यास दाखविण्यास कागद नसतो. स्वतःच्या बापाचे कष्टाचे पैसे त्याला चोराच्या पैशांसारखे लपवावे लागतात. सुरतेत हिऱ्यांची पाकिटे नेणारे आंगडिये विश्वासावर चालतात हे खरे, पण विश्वासाचा तो नमुना सीमा ओलांडून परदेशी नेता येत नाही.

शिकावयास जाणाऱ्यांसाठी एक तपशील सांगतो. जर्मनीसारखे देश प्रवेशपत्राआधीच निर्वाहाची रक्कम तेथील बंदिस्त खात्यात भरावयास लावतात. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो ठरली, आणि विद्यार्थ्यास त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. त्यामुळे पहिल्या आठवड्याचा खर्च वेगळा बाळगावा लागतो. सिंगापुरात असलेल्यांस मात्र २१ फेब्रुवारी २०२३ पासून तेथील पे-नाऊ व आपली यूपीआय यांची जोडणी झाल्याने लहान रकमा भ्रमणध्वनीवरून तत्काळ धाडता येतात.

आणि परतीची वाट. भारतात परदेशांतून येणारा पैसा २०२२ साली शंभर अब्ज डॉलरांच्या वर गेला. इतका दुसऱ्या कोणत्याही देशात आला नव्हता. त्यातील पुष्कळसा पैसा कधीतरी परत येऊ इच्छिणाऱ्या माणसांचा आहे. असा माणूस कायमचा सुरतेस आला की त्याने प्रथम बँकेस तसे कळवावे, म्हणजे त्याची खाती पुन्हा निवासी होतात. तिकडून आणलेले डॉलर वा पौंड लगेच रुपयांत मोडण्याची सक्ती नाही. परतलेल्यांसाठी आरएफसी नावाचे खाते असते, त्यात ते परकीय चलनातच ठेवता येतात, आणि पुन्हा बाहेर जावयाचे झाले तर त्या रकमेस अडीच लाख डॉलरांची मर्यादा लागू होत नाही.